कुरटे बेट आणि प्रवाहाचा तिसरा वाटा

मालवणच्या समुद्राच्या पृष्ठप्रवाहाचे पसरणारा आणि गरगरणारा असे भाग पाडता येतात. हेल्महोल्ट्झने 1858 मध्ये भोवऱ्यांवर लिहिताना ही वाट दाखवली. पण हे भाग पाण्यात असतात की आपल्या बुद्धीत? काठाची अट बदलली की वाटणी बदलते, हा आक्षेप रास्तच आहे. तरी ती मनमानी ठरत नाही, कारण काठच्या खडकात न शिरता त्याच्या कडेने वाहण्याची अट खडकच घालतो. ती पाळली की वाटणी एकच उरते, आणि लाप्लासच्या समीकरणावरून बांधलेली मर्यादा सांगते की कोणताही भाग मूळ प्रवाहाच्या एका ठरावीक पटीपेक्षा जास्त फुगत नाही.

शिवाय 1664 पासून ज्यावर सिंधुदुर्ग किल्ला बांधला गेला, ते मालवणजवळचे कुरटे बेट समुद्राच्या या पृष्ठभागात भोक पाडते. त्यातून तिसरा भाग निघतो: कुठेही न पसरणारा, एकाही ठिकाणी स्वतःभोवती न गरगरणारा, तरी बेटाला प्रदक्षिणा घालणारा. एकेका थेंबापाशी तपासून तो ओळखता येत नाही, पुरा वेढा मोजावा लागतो. म्हणूनच अवयव (सुटे अंश) कळले की अवयवी (त्यांचा मिळून होणारा पूर्ण) कळला, हे मत मला अपुरे वाटते.