पाण्याखालचा कॅमेरा आणि साक्षित्वाचा प्रश्न

पाहणारा हा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूपासून खरोखर अलिप्त राहू शकतो का, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना प्रश्न आहे. सांख्यांनी पुरुषाला केवळ द्रष्टा मानले, म्हणजे प्रकृतीचा सारा व्यापार पाहणारा परंतु त्यात स्वतः काहीही न करणारा. अद्वैत वेदान्ताने अंतःकरणाच्या सर्व वृत्तींना प्रकाशित करूनही कशानेच न बदलणाऱ्या चैतन्याला साक्षी म्हटले. नैयायिकांची मांडणी मात्र निराळी आहे. प्रत्यक्ष ज्ञान हे इंद्रिय आणि वस्तू यांच्या सन्निकर्षातून, म्हणजे परस्परसंबंधातून, उत्पन्न होते. चक्षू हे तैजस इंद्रिय असल्यामुळे त्याचा किरण बाहेर पडून वस्तूला भिडतो, आणि वस्तूवर उजेड पडलेला असणे, ज्याला ते आलोकसंयोग म्हणतात, हीही पाहण्याची एक अट असते, असे ते सांगतात. डोळ्यातून किरण निघतो ही कल्पना पदार्थविज्ञानाने केव्हाच बाद केली आहे. तरीही समुद्राच्या पोटात उतरलेल्या कॅमेऱ्याला तीच अधिक लागू पडते, कारण तेथे पाहणाऱ्याला आपला उजेड आपल्याबरोबर न्यावा लागतो.

पाण्याखालच्या चित्रणाचा इतिहास हा बव्हंशी या अटी पुऱ्या करण्याचाच इतिहास आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ याने १८९३ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बानिउल्स येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली आणि पुढे त्यासाठी कृत्रिम प्रकाशाचीही सोय केली. १९१४ मध्ये जॉन अर्नेस्ट विल्यमसन याने बहामा बेटांजवळ, वडिलांनी शोधलेल्या लवचिक नळीच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेला पोलादी गोल जोडला आणि त्यात बसून चलच्चित्रण केले. काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्याआडची वस्तू दिसते, मग इंद्रियाचा तिच्याशी संबंध आला असे कसे म्हणावे, असा आक्षेप न्यायसूत्रांत नोंदवलेला आहे, आणि पारदर्शक द्रव्य किरणाला अडवत नाही, असे त्याचे उत्तर दिलेले आहे. विल्यमसनची काच किरणाला अडवत नव्हती हे खरे, पण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर किरण वाकत असल्याने सपाट काचेतून प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ भासते. शिवाय त्या काचेसमोर जे घडले ते आपोआप घडलेले नव्हते: मेलेल्या घोड्याचे आमिष लावून शार्क बोलावले गेले आणि विल्यमसनने स्वतः पाण्यात उतरून त्यांतील एकाला सुरीने मारले. पाण्याखालच्या चित्रपटाच्या आरंभीच पाहणे आणि मारणे एकमेकांना असे चिकटलेले आहे, ही गोष्ट इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

जाक-ईव्ह कुस्तो यांच्या १९५३ च्या पुस्तकातील एक प्रसंग या दृष्टीने विलक्षण आहे. त्यांचे सहकारी फ्रेदेरिक द्युमा यांनी खोल पाण्यात एका मोठ्या माशाला भाला मारला, तेव्हा जखमेतून निघालेले रक्त हिरवे दिसले. मासा वर येऊ लागला तसे ते तपकिरी, मग गुलाबी आणि अखेरीस पृष्ठभागावर लाल झाले. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, हे त्याचे कारण. त्या रक्ताचा खरा रंग कोणता? दिवा लावताच खोलवरची प्रवाळेही तांबडी-नारिंगी दिसतात, पण हा रंग दिव्याबरोबर तेथे येतो आणि दिव्याबरोबर जातो; त्या खोलीवर राहणाऱ्या जीवांच्या जगात तो एरवी नसतोच. येथे कॅमेरा जे दाखवतो ते खोटे नाही, पण ते प्रकाशाच्या विशिष्ट उपाधीने, म्हणजे ज्ञानाला आकार देणाऱ्या बाह्य निमित्ताने, बांधलेले आहे.

कुस्तो आणि लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात ‘पाम दॉर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि समुद्राचे अंतरंग प्रथमच असंख्य लोकांच्या कल्पनेत रंगांसह उतरले. याच चित्रपटात माशांची गणना करता यावी म्हणून प्रवाळांमध्ये सुरुंग उडवला जातो. ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्याने जखमी झालेले देवमाशाचे पिल्लू मारले जाते, आणि त्याचे लचके तोडायला जमलेल्या शार्कांना खलाशी डेकवर ओढून ठार करतात. ही दृश्ये लपवलेली नाहीत, हे त्या चित्रपटाचे सर्वांत मोठे प्रामाणिकपण मानावे लागेल. आजचा प्रेक्षक ती सहज पाहू शकत नाही, आणि ही बदललेली संवेदना घडवण्यात समुद्ररक्षणाकडे वळलेल्या कुस्तोंच्या नंतरच्या कार्याचाही वाटा आहे. म्हणजे ज्या पाहण्याने इजा केली, त्याच पाहण्याच्या परंपरेतून करुणाही उपजली. म्हणून हिंसेचा दोष पुसला जात नाही. करुणा खोटीही ठरत नाही.

निसर्गपटांच्या समीक्षेत कॅमेऱ्याला सर्रास ‘मूक साक्षी’ म्हटले जाते, ते वेदान्ताच्या अर्थाने टिकणारे नाही. कॅमेरा हे करण आहे, म्हणजे क्रियेचे साधन. साक्षी तर कोणत्याच साधनाचा उपयोग करत नाही. अलीकडे जीवांना बाधा न आणता चित्रण करण्याचे जे सर्वांत सूक्ष्म प्रयत्न झाले, त्यांतूनही हेच सिद्ध होते. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ महाकाय स्क्विडचे त्याच्या नैसर्गिक अधिवासात प्रथमच चलच्चित्रण झाले, तेव्हा एडिथ विडर यांनी आपल्या कॅमेऱ्यासाठी खोल समुद्रातील बहुतेक जीवांना न दिसणारा गडद लाल प्रकाश वापरला होता. उजेडाचा त्रास टळला. परंतु स्क्विड यावा म्हणून संकटात सापडलेल्या जेलीफिशच्या चमचमाटाची नक्कल करणारे कृत्रिम आमिष कॅमेऱ्यासोबत सोडावे लागलेच. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानातूनच नव्हे तर अन्य प्रमाणांनी तपासावा लागतो, असे म्हणतात. त्यांच्या कसोटीने हे चित्रण अप्रमाण ठरणार नाही. मात्र त्यातून त्या स्क्विडविषयी जे अनुमान काढले जाईल, त्यात आमिष, दिवा आणि खोली यांचा हिशेब धरलेला असावा लागेल.