नांवाचें ऋण

एटापल्लीच्या रानांतून वाहणारी बांडिया नदी पुढें इंद्रावतीस मिळते. इंद्रावतीचें नांव मात्र नदीचा कांठ सोडून फार दूर गेलें आहे. 1981 सालीं बस्तरांतील राष्ट्रीय उद्यानास तें मिळालें. नवा रायपूर येथें, महानदीच्या खोऱ्यांत, सरकारी कचेऱ्यांच्या एका इमारतीस 'इंद्रावती भवन' म्हणतात. ओडिशांतील 600 मेगावॅटच्या वीजकेंद्रासही तेंच नांव आहे.

नांव घेण्यांत अपराध कोणता? उद्यानानें तें सान्निध्यामुळें घेतलें, इमारतीनें आदरानें. त्यांत नदीचें कांहींच उणें झालें नाहीं. वीजकेंद्राची गोष्ट निराळी. तेथें इंद्रावतीचें पाणी वळवून महानदीच्या खोऱ्यांत सोडलें जातें. म्हणजे नांव आणि पाणी दोन्ही घेतलीं गेलीं. त्या पाण्यानें कालाहांडीचीं कोरडीं शेतें भिजलीं हेंही खरें. म्हणून घेणाऱ्यास केवळ दोष देणें न्याय्य नव्हे.

तथापि पित्याचें नांव लावणारा पुत्र वारशाबरोबर कर्तव्यही पत्करतो. नदीचें नांव लावणाऱ्याचेंही तसेंच आहे. उन्हाळ्यांत खालीं भामरागडाशीं पात्रांत पाणी किती उरलें, हें विचारणें त्यास चुकत नाहीं.