हनुवटी जरा वर

लहानपणीचा एखादा फोटो मनासमोर आणा. अल्बम काढायला उठू नका, आठवणीत असेल तेवढा पुरे. घरच्याच कुणीतरी काढलेला असला तर उत्तम. आधी चेहरे येतील, मग कपडे, मग मागची भिंत. घाई नाही.

आता फोटोतल्या तुमच्या डोळ्यांकडे बघा. ते कुणाकडे बघताहेत? त्या माणसाची कागदावर खूण नसते. फार तर तो उन्हाकडे पाठ करून उभा राहिलेला असतो आणि त्याची सावली तुमच्या पायांपर्यंत आलेली असते. त्या सावलीपाशी जरा थांबा.

ज्यांची आई किंवा वडील फोटोग्राफर, त्यांच्या कानांवर काही शब्द फार लवकर पडतात. खिडकीपाशी बस. हनुवटी जरा वर. हलू नकोस. इतक्या जवळून, इतका वेळ त्या मुलाकडे दुसरे कुणी बघत नाही. कानामागची सुटलेली बटसुद्धा त्या नजरेतून निसटत नाही. आणि नेमकी तीच नजर त्या क्षणी मुलाकडे नसतेही, ती गालावर पडलेल्या उजेडाकडे असते. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू द्या. कुठली खरी, ते आत्ता ठरवायचे नाही.

दादरच्या अशाच एका घरात चला. साल १९१२. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमावाले पुढे झाले, त्याआधी ते फोटोग्राफर. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो असा तेव्हा लोकांचा समज, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकायचे. घरच्या मुलांना बिचकायची सोय कुठली! लंडनहून कॅमेरा आला, कोरी फिल्म आली. फिल्मच्या कडांना भोके नव्हती. ती घरीच पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. दिवसा चित्रीकरणात उजेड परतवायला त्याच पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर तुम्ही मूल होऊन बसा. आई आत आहे, हाक मारली तर ओ देईल, पण दार उघडायचे नाही. किती वेळ बसवते, बघा.

त्याच घरात एका कुंडीत वाटाणा पेरलेला होता आणि त्याच्यासमोर कॅमेरा. महिन्याहून अधिक काळ फाळके त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. फिल्म झाली ती जेमतेम मिनिटाची. रोप भराभर वर येते, एवढेच तिच्यात दिसते. त्यामागचे रोजचे येणे, वाकणे, बघणे फिल्मवर कुठून यायचे? तुमच्या वाढीकडे असे कुणी बघितले असेल, तर त्या येण्या-वाकण्याला एक श्वासभर वेळ द्या.

पुढची गोष्ट मला जड जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ या सिनेमात हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्रीकरणाच्या दिवसांत तो खेळताना दगडावर पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला. काम थांबवा, असे लोक म्हणाले. फाळक्यांनी उपचार केले आणि त्याला तसाच उचलून चितेवर ठेवून रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य उरकले, अशी हकिकत सांगतात. ती धैर्याची म्हणून सांगितली जाते. मला त्यात धैर्याआधी ते मूल दिसते. तुम्हाला बापही दिसला तर त्यालाही बघा. कॅमेऱ्याकडे परत जाताना त्याची पावले कशी पडली असतील?

आणि मग मंदाकिनी, फाळक्यांची लेक. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये ती कृष्ण आहे. हा सिनेमा बराचसा टिकला आहे, पाहायला मिळतो, जरूर पाहा. सुरुवातीला गोष्ट नाहीच. फाळके आधी आपली मुलगी दाखवतात, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणणारी. मग तोच चेहरा कृष्णाच्या वेशात विरून जातो. गोष्ट बाजूला ठेवून लेकीचा चेहरा बघा म्हणणारा हा बाप मला दिग्दर्शकापेक्षा जास्त आवडतो. ती हसते तेव्हा प्रेक्षकांसाठी हसते की समोरच्या ओळखीच्या माणसाला बघून, हे सांगता येत नाही. सांगू नये.

आता फाळक्यांच्या घरातून तालुक्याच्या एखाद्या गावात या. तिथला स्टुडिओ मात्र साधा. पासपोर्ट फोटो, लग्नसराई, मेलेल्या माणसाचा बोटभर फोटो मोठा करून देणे. रात्री निगेटिव्ह उजेडावर धरून रिटचिंग चाले. चेहऱ्यावरची सुरकुती किंवा देवीचा व्रण निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तेवढ्याच जागेत टोकदार पेन्सिलीने हलके हलके शिसे भरायचे, म्हणजे छापताना तिथला काळेपणा जातो. गावाचे व्रण असे पुसून झाले की तिथला फोटोग्राफर जेवायला बसे आणि समोर मुलाच्या कपाळावरची खोक तशीच असे. त्याच्या डोळ्यांनी ती बघा. पेन्सिल आठवते का?

आता जागा बदला. फोन तुमच्या हातात आहे, समोर तुमची मुलगी किंवा नात. तिला पटकन हसायला सांगू नका. तिच्या तोंडावर उजेड कुठून येतोय, तेवढे बघा आणि मग तिच्याकडे बघा. फोटो निघाला की ती “बघू, बघू” करत धावत येईल. फाळक्यांच्या मुलांना फिल्म धुऊन वाळेपर्यंत थांबावे लागे, हिला लगेच दाखवा. मग फोन तिच्याकडे द्या आणि ती म्हणेल तिथे, म्हणेल तसे बसा. तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.