कार्योत्तर मंजुरी

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला 'कार्योत्तर मंजुरी' या शब्दाचे नवल वाटत नाही. आधी काम उरकावयाचे आणि मागाहून त्याला संमती मिळवावयाची, हा त्याचा सरळ अर्थ. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वडिलांच्या छातीत मध्यरात्री कळ आली आणि त्यांना जवळच्या खाजगी रुग्णालयात हलवावे लागले, तर त्या खर्चाचे देयक मागाहून मंजूर होते. आणि ते तसे होणे उचितच आहे. ही सवलत आपल्याला न्याय्य का वाटते याचा विचार केला, तर तिच्या मुळाशी दोन अटी दिसतात. पहिली, काम थांबण्यासारखे नव्हते. दुसरी, मंजुरी नाकारली गेली तरी काही हाताबाहेर जात नाही. रक्कम ज्याची त्याला सोसावी लागते किंवा पगारातून वळती होते आणि फाइल मिटते. म्हणजे प्रश्न मागाहून विचारलेला असला, तरी त्याला 'नाही' असे उत्तर देता येते. जेथे या दोन्ही अटींचा अभाव आहे, तेथे कार्योत्तर मंजुरी ही मंजुरी राहते काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग दिल्लीकर मराठी माणसाला जुन्या महाराष्ट्र सदनामुळे परिचित आहे. त्याच रस्त्यावर, फरीदकोट हाउसमध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. २०१० च्या कायद्याने ते स्थापन झाले. पुणे, भोपाळ, कोलकाता व चेन्नई येथेही त्याची पीठे आहेत. शाश्वत विकास, सावधगिरी आणि प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजणे, ही तीन तत्त्वे न्यायनिवाडा करताना लावावीत, असे त्या कायद्याचे विसावे कलम सांगते. ज्याच्या नावाचा हा रस्ता आहे त्या ज्योतिर्विदाने पृथ्वीला विश्वाच्या केंद्रस्थानावरून हलविले. आपल्या भूखंडाभोवती जग फिरत नाही, हे जमीनमालकाला समजावून सांगणाऱ्या संस्थेला याहून समर्पक पत्ता मिळाला नसता.

जमीनमालकाची बाजू मात्र सहज झटकून टाकण्यासारखी नाही. 'जमीन माझी, पैसा माझा, नकाशा नगरपालिकेने मंजूर केलेला. मग आणखी कोणाला विचारावयाचे?' असे तो म्हणतो. याला उत्तर एवढेच, की जमीन त्याची असली तरी तिच्याखालचे पाणी कुंपणाशी थांबत नाही. त्याच्या इमारतीचे सांडपाणी ज्या ओढ्याला मिळते तो ओढा त्याच्या सातबाऱ्यावर नाही, आणि पावसाचे पाणी मुरण्याची जागा त्याने झाकली की ते दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. मालकी हा वस्तूवरचा अधिकार आहे. वस्तूच्या साऱ्या परिणामांवरचा नव्हे. म्हणूनच १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या बांधकामांना पर्यावरणीय मंजुरी आवश्यक केली, आणि ती 'पूर्व' असावी असे स्पष्ट म्हटले. या 'पूर्व' शब्दातच सारे मर्म आहे. पाणी कोठून आणणार, मैला कोठे नेणार, कोणती झाडे जाणार, हे प्रश्न जमीन मोकळी असतानाच विचारता येतात. बारावा मजला चढल्यावर तेच प्रश्न विचारणे म्हणजे अंतरपाट दूर होऊन माळा पडल्यावर वधूची संमती घेण्यासारखे आहे. ती 'हो' म्हणेलही. पण त्या 'हो'ला अर्थ काय? ज्या परवानगीत नकाराची शक्यता उरलेली नाही, ती परवानगी नव्हे. ती केवळ नोंद होय.

तरीही ही प्रथा आपल्या देशात रुजली. १४ मार्च २०१७ रोजी केंद्र सरकारने, पूर्वमंजुरीवाचून काम सुरू केलेल्या प्रकल्पांना अर्ज करण्यासाठी सहा महिन्यांची एक खिडकी उघडली. २०२१ मध्ये अशा प्रकरणांसाठी कार्यपद्धतीच घालून दिली. कार्योत्तर मंजुरी पर्यावरणन्यायाच्या मूलतत्त्वांशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० च्या निकालात म्हटले होते. २०२१ व २०२२ मधील काही निकालांनी मात्र अपवादात्मक परिस्थितीत तिला वाट ठेवली. १६ मे २०२५ रोजी 'वनशक्ती' या मुंबईच्या संस्थेच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी ही वाट पुढच्यासाठी बंद केली. पूर्वी दिलेल्या मंजुऱ्यांना त्यांनी हात लावला नाही. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. सरन्यायाधीश भूषण गवई बहुमतात होते. न्यायमूर्ती भुयान यांनी भिन्नमत नोंदविले. न्यायालयांच्या निकालांवर अभिप्राय देणे हा माझ्यासारख्या कारकुनाचा अधिकार नव्हे. पण जो प्रश्न इतक्या थोर विधिज्ञांना दोन्ही बाजूंनी ओढतो, तो केवळ कायद्याचा नसून नीतीचाही असला पाहिजे, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

बहुमताची बाजू प्रथम पाहू. पूर्वीचा निकाल कायम ठेवल्यास सुमारे २०,००० कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, असे सांगण्यात आले. त्यांत ओडिशातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ९६२ खाटांचे रुग्णालय होते, कर्नाटकातील विजयनगर येथील विमानतळ होता. उभे रुग्णालय पाडावयाचे, त्याचा राडारोडा कोठेतरी टाकावयाचा आणि परवानगी घेऊन तेच पुन्हा बांधावयाचे, यात पर्यावरणाचे कोणते हित? युक्तिवाद वजनदार आहे. ज्याला तो हास्यास्पद वाटतो, त्याने रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून तो एकदा ऐकावा.

दोन उदाहरणे शेजारी ठेवली की पेच अधिक स्पष्ट होतो. केरळात कोचीजवळ मरडू येथे किनारपट्टीच्या नियमांविरुद्ध उभी राहिलेली चार निवासी संकुले सर्वोच्च न्यायालयाच्या ८ मे २०१९ च्या आदेशानंतर, ११ व १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून पाडण्यात आली. त्यांना बांधकाम परवाने २००६ मध्ये तेथील पंचायतीने दिले होते. फ्लॅटधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई मिळाली. पण आयुष्याच्या मिळकतीतून घेतलेले घर काही क्षणांत धुळीचा लोट झालेले ज्यांनी पाहिले, त्यांचा अपराध कोणता होता? याउलट पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या वडगाव बुद्रुक येथील एका प्रकल्पात, २००८ च्या मंजुरीत बारा इमारती व ५५२ सदनिका असताना, बांधकाम त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे गेले. बांधीव क्षेत्र कशाला म्हणावयाचे, यावर बरीच वर्षे वाद चालला. १० ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सदनिका घेणाऱ्यांचा विचार करून, इमारती पाडण्याचे टाळले आणि विकासकाला १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरण्यास सांगितले.

पहिल्या निर्णयात नियम वाचला आणि निरपराध माणूस भरडला गेला. दुसऱ्यात निरपराध माणूस वाचला आणि नियमाचे मोल पैशात ठरले. यांपैकी कोणता निर्णय अधिक नैतिक, असे विचारण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते हा प्रश्नच उशिरा विचारलेला आहे. दोन्ही ठिकाणी चांगला निर्णय शक्य होता तो काळ केव्हाच निघून गेला होता. उरले होते ते दोन वाइटांतून निवडणे. कार्योत्तर विचाराचा खरा दोष हाच, की तो काळाला अपराध करणाराच्या बाजूला उभा करतो. पाया खणला तेव्हा काम थांबविले असते तर एकट्या विकासकाचे नुकसान झाले असते. दहा वर्षांनी शेकडो कुटुंबे तेथे राहू लागली, मुले जवळच्या शाळेत जाऊ लागली, म्हातारी माणसे खालच्या बाकावर संध्याकाळी बसू लागली. चूक जितकी जुनी, तितकी निरपराध माणसे तिच्याभोवती अधिक. आणि ती जितकी अधिक, तितकी चूक अभेद्य. त्या माणसांना ठाऊकही नसते, की आपण कोणाची तरी ढाल झालो आहोत. त्यांच्याविषयी वाटणारी करुणा खरी असते. पण तिचा लाभ, ज्याला करुणेची गरज नाही, अशा माणसाला मिळतो.

दंडाने ही उणीव भरून निघते काय? आपल्या धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्ताचा विचार फार बारकाईने केला आहे. अजाणता घडलेले पाप आणि जाणूनबुजून केलेले पाप यांत त्यांनी भेद केला. काहींच्या मते प्रायश्चित्त अजाणता घडलेल्या पापापुरतेच आहे. इतरांनी ते बुद्धिपूर्वक केलेल्या पापालाही मानले, परंतु अधिक कठोर. भेदामागची दृष्टी उघड आहे. प्रायश्चित्त आधीच हिशेबात धरून जो पाप करतो, त्याच्या लेखी ते प्रायश्चित्त नसून पापाची किंमत असते. दंडाची रक्कम जर विकासकाच्या अंदाजपत्रकात सिमेंट आणि सळई यांच्याखालची आणखी एक ओळ होऊन बसली, तर तिने कोणाचाही हात थांबणार नाही. आणि तिचा भार अखेर घर घेणाऱ्याच्या हप्त्यातच जाईल.

येथवर विकासकावर बोट ठेवले. पण जो 'आधी विचारा' असे म्हणतो, त्याच्यावरही एक कर्तव्य येते : विचारणाऱ्याला वेळेवर आणि स्पष्ट उत्तर देणे. २००६ च्या अधिसूचनेने परिपूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १०५ दिवसांची मुदत घातली आहे. कर्जाचे व्याज फाइलीसाठी थांबत नाही. ज्या मेजावर अर्ज कारणावाचून पडून राहतो, ते मेज प्रामाणिक मालकाला शिकविते, की विचारणारा मूर्ख आणि न विचारणारा व्यवहारचतुर. सह्याद्रीच्या मुलखातील जमीनधारकांचा अनुभव पाहावा. माधव गाडगीळ यांच्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला आणि निर्बंधांचा विचार ग्रामसभांपासून वर यावा, असे सुचविले. पुढे संवेदनशील क्षेत्राचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी. ज्याच्या शेतावर दशकभर नुसत्या मसुद्याची छाया आहे, त्याला ना निर्बंधाचे संरक्षण मिळाले ना मोकळीक. पूर्वसंमतीचे तत्त्व केवळ नागरिकाला लागू नाही. सत्तेनेही माणसांच्या जमिनीवर रेघ ओढण्यापूर्वी त्यांना विचारावे, हे त्याच तत्त्वाचे दुसरे अंग आहे.

आणि सर्वांत मोठा प्रश्न तो, जेव्हा न विचारता बांधणारी सत्ताच असते. वर उल्लेखिलेले रुग्णालय कोणा लोभी बिल्डराचे नव्हते. लोकहिताचे काम म्हणून ज्यांनी स्वतःला प्रश्नातून वगळले, त्यांनीच पुढे लोकहिताच्या नावाने सूट मागितली. नियम करणाऱ्याचा नियमभंग खाजगी माणसाच्या नियमभंगाहून जड आहे. कारण त्याने केवळ एक ओढा बुजत नाही, 'पूर्व' या शब्दाचा अर्थच बुजतो.

मग उभे आहे ते सारे पाडावे काय? तसे मी म्हणत नाही. ज्या घरात माणसे राहतात ते राहू द्यावे, रुग्णालय चालू द्यावे, होईल तेवढी हानी भरून घ्यावी, आणि ज्याने न विचारता बांधले व ज्याने पाहून न पाहिल्यासारखे केले, त्या दोघांकडूनही जाब घ्यावा. मात्र या सर्वाला 'मंजुरी' म्हणू नये. ती क्षमा आहे, तडजोड आहे, क्वचित अगतिकता आहे. तिला तिच्याच नावाने फाइलीत नोंदवावे. शब्दांचा हा आग्रह कोणाला कारकुनी वाटेल. पण कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागदावर आवकेचा शिक्का मागील तारखेचा मारला, तर मजकुरातील एक अक्षरही बदलत नाही. तरीही तो कागद खोटा होतो. क्षमेवर मंजुरीचा शिक्का मारणे हे त्याच जातीचे काम आहे. क्षमेला क्षमा म्हटले, की ती पुन्हा मागताना माणूस ओशाळतो. तिला मंजुरी म्हटले, की पुढचा माणूस तिचा छापील अर्ज मागावयास येतो.