तेच पिस्तूल की तसेच पिस्तूल?

वडिलांच्या हातात असलेले जुने पिस्तूल, किंवा ते न सापडल्यास त्याच घडणीचे दुसरे एखादे, पैसे मोजून मिळवणारा माणूस नेमके काय विकत घेत असतो, हा प्रश्न वरवर पाहता बाजारभावाचा आणि परवान्याचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला एक वाद आहे, आणि तो असा की पूर्वी पाहिलेली वस्तू व आज समोर असलेली वस्तू एकच आहे हे कशाच्या बळावर म्हणावे. ‘हे तेच’ अशा आकाराच्या ज्ञानाला शास्त्रकार ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात. त्यातील ‘हे’ इंद्रियांनी पुरवलेले असते आणि ‘ते’ स्मृतीने आणलेले असते. ‘हा तोच देवदत्त’ हे तिचे वेदान्तग्रंथांत वारंवार येणारे उदाहरण होय.

या प्रश्नाची सर्वांत बोलकी उदाहरणे अमेरिकेतील रिमफायर पिस्तुलांच्या व्यवहारात सापडतात, आणि त्याचे कारण त्या शस्त्राच्या रचनेतच आहे. ज्या काडतुसात ठिणगी देणारे स्फोटक मिश्रण बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत न ठेवता बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते, आणि ती कड चेपली जाताच जे पेटते, त्याला रिमफायर काडतूस म्हणतात. पॅरिसचा बंदूककार फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास केलेल्या, दारू न भरता निव्वळ स्फोटक टोपीवर गोळी बसवलेल्या काडतुसात त्याचे मूळ आहे. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने .२२ व्यासाच्या अशा काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि आजही सर्वत्र खपणारे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ चे आहे. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, पत्रा पातळ म्हणून आतला दाब बेताचा ठेवावा लागतो, आणि म्हणून धक्का कमी, आवाज कमी व किंमतही कमी. परिणामी अमेरिकेतील खेड्यांत आणि लहान शहरांत मुलाच्या हाती पहिल्यांदा दिले जाणारे शस्त्र बहुधा .२२ चेच असते. कुंपणावर मांडलेले पत्र्याचे डबे, मागे उभे असलेले वडील किंवा आजोबा आणि हातातली कोल्ट वुड्समन किंवा रुगर स्टँडर्ड, असे हे स्मृतिचित्र तिकडे इतके सर्वसाधारण आहे की ज्या पिस्तुलाला आज ‘वैयक्तिक महत्त्वाचे’ म्हटले जाते ते प्रत्यक्षात लाखोंच्या संख्येने निघालेल्या कारखानी मालातील एक नग असते.

रुगर स्टँडर्डची कथा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे कंपनी काढून १९४९ मध्ये हे पिस्तूल ३७.५० डॉलरला विकायला सुरुवात केली, आणि त्याच्या मुठीवर स्टर्मने रेखाटलेल्या गरुडाचे लाल पदक बसवले. १९५१ मध्ये स्टर्म वारला, आणि त्याच्या शोकार्थ रुगरने गरुडाचा लाल रंग काळा केला. आज ‘लाल गरुडा’ची पिस्तुले संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने जातात, म्हणजे एका मित्राने दुसऱ्यासाठी पाळलेले सुतक पुढच्या पिढ्यांसाठी दर ठरवण्याचे परिमाण झाले. या व्यवहारात कोणी दोषी नाही, परंतु स्मृती आणि किंमत एकमेकींत किती सहज मिसळतात हे दाखवायला एवढे पुरेसे आहे.

आता मूळ वादाकडे वळता येईल. नैयायिक आणि मीमांसक प्रत्यभिज्ञेला वस्तूच्या स्थैर्याचे प्रमाण मानतात: काल पाहिलेली वस्तू आज ‘तीच’ म्हणून ओळखता येते, त्याअर्थी ती मध्यंतरी टिकून होती. बौद्धांचा क्षणिकवाद, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होऊन तिच्यासारखी दुसरी उपजते हा सिद्धान्त, यावर कापून पुन्हा वाढलेल्या केसांचे व नखांचे उदाहरण देतो. तीही ‘तीच’ वाटतात, दिव्याची ज्योतही रात्रभर ‘तीच’ वाटते, पण प्रत्यक्षात तेथे केवळ सादृश्य असते आणि मन त्यालाच एकत्व समजते. कारखानी वस्तूच्या बाबतीत बौद्धांचा पक्ष अधिकच बळकट होतो, कारण एकाच वर्षी एकाच यंत्रावर कापलेली दोन पिस्तुले डोळ्यांना जेवढी सारखी दिसतात तेवढी दोन नखेही दिसत नाहीत. तिथे ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांतला भेद सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला अनुक्रमांक.

अमेरिकी कायद्याने तर हा वाद एका फटक्यात निकाली काढला आहे. नळी, स्प्रिंग, मूठ, दट्ट्या हे सर्व सुटे भाग असून क्रमांक असलेला सांगाडा हेच कायद्याच्या दृष्टीने ‘शस्त्र’ होय. नळी बदलली तरी शस्त्र तेच, सांगाडा बदलला की शस्त्र दुसरे. अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांहून निराळी अशी त्यांत राहणारी समग्र वस्तू, यांच्या नात्याबद्दल वैशेषिकांनी ज्या सूक्ष्मतेने विचार केला, त्यापुढे एका अवयवालाच अवयवी ठरवून टाकणारी ही तोड काहीशी आडदांड वाटते, पण व्यवहाराला ती पुरते. मात्र ती पुरते तेवढ्यापुरतीच. कोल्टच्या अभिलेखागारातून मागवलेले पत्र पिस्तूल कोणत्या दिवशी कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले ते सांगू शकते. ते पुढे कोणाच्या हातात कसे धरले गेले, हे त्यात नसते. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले जातात तिची नोंद क्रमांकात नाही.

मग ती कोठे आहे? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात क्षणिकवादाचे खंडन करताना मांडलेला एक मुद्दा येथे निर्णायक ठरतो. बाहेरच्या वस्तूबद्दल ‘ही तीच की तिच्यासारखी’ असा संशय कधी येऊ शकेल, हे ते मान्य करतात. परंतु ज्याने पूर्वी पाहिले आणि जो आता पाहतो आहे तो मीच की माझ्यासारखा दुसरा कोणी, असा संशय कोणालाही येत नाही, आणि सादृश्य ओळखायलाही दोन्ही क्षणी हजर असलेला एक पाहणारा लागतोच. हा युक्तिवाद पिस्तुलाच्या ग्राहकाला लावून पाहिला म्हणजे खरेदीचा रोख कळतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस दुकानाच्या काचेखालील वुड्समन उचलतो तेव्हा तो वरकरणी पिस्तुलाचे एकत्व पडताळत असतो, पण त्याला हवे असते ते स्वतःचे एकत्व: डब्यावर नेम धरणारा तो दहा वर्षांचा मुलगा आणि काउंटरवर पैसे ठेवणारा हा गृहस्थ यांच्यामधला दुवा. आणि नेमके तेच एकत्व, आचार्यांच्या मते, कोणत्याही वस्तूच्या साक्षीवाचून सिद्ध आहे. म्हणजे पिस्तुलाकडून जे हवे ते पिस्तुलावाचूनही त्या माणसापाशी आहेच. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे उत्तर अचूक आहे. शोकाच्या दृष्टीने मात्र ते कोरडे आहे, कारण शोक करणाऱ्याला सिद्धान्त हवा नसतो, हाताला लागणारे काही हवे असते.

या गरजेला बौद्ध परंपरेने, क्षणिकवाद सांभाळूनही, अधिक उदारपणे जागा दिली. पाली परंपरेत चैत्यांचे, म्हणजे पूज्य स्मृतिस्थानांचे, तीन प्रकार सांगितले आहेत: शारीरिक म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे त्या व्यक्तीने वापरलेल्या वस्तू, आणि उद्देशिक म्हणजे त्या व्यक्तीला उद्देशून घडवलेल्या प्रतिमा. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत यांपैकी तिसऱ्या प्रकाराला प्रत्यक्ष आधार नसलेला, केवळ मनाच्या आपलेपणावर उभा असलेला म्हटले आहे. पुढील बौद्ध जगाने असंख्य बुद्धमूर्ती घडवून ही हरकत मागे टाकली, तरी भेद मात्र विसरला नाही. महाराष्ट्रात याचा दाखला सोपाऱ्यात आहे: १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला तेव्हा करंडकात मातीच्या पात्राचे तुकडे निघाले आणि त्यांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले; करंडकाच्या आत-बाहेर कितीही सोने-रुपे असले तरी पूज्यता त्या मातीला होती, कारण ती वापरलेली मानली गेली होती. वडिलांचे प्रत्यक्ष पिस्तूल पारिभोगिक वर्गात बसते आणि त्याच घडणीचे विकत घेतलेले दुसरे पिस्तूल उद्देशिक वर्गात. दुसरा प्रकार हिणकस नाही, फक्त त्याने पहिल्याची जागा सांगू नये. पन्नास वर्षे उलटलेल्या शस्त्राला अमेरिकी नियमांत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘नवलाची वस्तू अथवा अवशेष’ असा होतो, आणि त्यातील ‘अवशेष’ हा शब्द वापरताना या भेदाची कोणालाच आठवण नसते.

शस्त्रांच्या बाबतीत ‘तेच की तसेच’ हा प्रश्न मराठी वाचकालाही परका नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात काही मुदतीसाठी आणलेली वाघनखे शिवाजी महाराजांचीच आहेत की नाहीत, हे पडताळता येत नाही असे ते म्युझियमच सांगते. तरीही ती पाहायला माणसे रांगा लावून गेली. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात मिळवलेल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीवर त्यांचे नाव कोरलेले असल्याने तेथे प्रत्यभिज्ञेचा पाया अधिक पक्का आहे, पण पैसे मोजले गेले ते दोन्हीकडे सारख्याच असलेल्या ओढीसाठी.

येथवर केलेला विचार घड्याळाला किंवा चष्म्यालाही लागू पडला असता. पिस्तूल वेगळे पडते ते त्याच्या कामामुळे, आणि या ठिकाणी स्मृतीचा कैवार घेणाऱ्यांकडून सहसा एक चूक होते: आठवणीने शस्त्र निवळते, असे ते गृहीत धरतात. बौद्ध गृहस्थाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. जैन श्रावकाच्या अनर्थदंडविरतीत, म्हणजे प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळण्याच्या व्रतात, दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणे हाही दोष मोजला आहे, मग देणारा कितीही प्रेमाने देवो. उमास्वातींनी तर परिग्रहाची व्याख्या वस्तू जवळ असण्यावरून न करता ‘मूर्च्छे’वरून, म्हणजे वस्तूत बुडालेल्या ममत्वावरून केली, त्या मोजमापाने निव्वळ गुंतवणुकीसाठी दहा पिस्तुले ठेवणाऱ्या संग्राहकापेक्षा आठवणीसाठी एकच बाळगणारा मुलगा अधिक परिग्रही ठरू शकेल. हा निष्कर्ष कठोर आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. याउलट खंडेनवमीला शस्त्र पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजणारी परंपरा निदान एका बाबतीत प्रामाणिक आहे: ती शस्त्राला शस्त्र म्हणूनच पूजते, त्याची धार विसरायला सांगत नाही. धक्का कमी म्हणून .२२ ची गोळी निरुपद्रवी होत नाही, आणि ज्या कपाटात वडिलांचे पिस्तूल कुलपावाचून ठेवले जाते त्या कपाटाला वडिलांची पुण्याई राखत नाही.

याच प्रश्नाचे दुसरे टोक अमेरिकी साहित्यात हेमिंग्वेने दाखवले आहे. त्याच्या वडिलांनी १९२८ मध्ये .३२ व्यासाच्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरने आत्महत्या केली. १९४० च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’ या कादंबरीत त्याने नायकाच्या घराण्याला तसेच एक रिव्हॉल्व्हर दिले. ते आजोबांनी यादवी युद्धात वापरलेले आहे, म्हणजे त्या कंपनीच्या तेव्हाच्या इतर रिव्हॉल्व्हरांप्रमाणे रिमफायरच, आणि नायकाच्या वडिलांनी त्याच्याच साहाय्याने जीवन संपवले आहे. त्यामुळे आजोबांची शौर्यस्मृती आणि वडिलांचा शेवट एकाच लोखंडात आहेत, आणि एक ठेवून दुसरे टाकता येत नाही. पारिभोगिक वस्तूच्या पूजेला पडणारा हा खरा पेच आहे, आणि हुबेहूब दुसरे पिस्तूल घेणाऱ्याला तो कधीच पडत नाही. कादंबरीतला नातू ते विकत नाही, कोणाला देत नाही आणि पेटीतही ठेवत नाही. घोड्यावर बसून डोंगरातल्या एका खोल तळ्यापाशी जातो आणि ते पाण्यात सोडून देतो.