आहाजाची वेदी

(वाचावयाचे पाठ : २ राजे १६:७–१६; २ इतिहास २८:२२, २३)



यहूदाचा राजा आहाज संकटात पडला होता. अरामाचा राजा रसीन व इस्राएलाचा राजा पेकह यांनी त्याजवर चढाई केली होती. तेव्हा त्याने परमेश्वराच्या मंदिरातील सोनेरुपे अश्शूरच्या राजास पाठवून साह्य मागितले. ख्रिस्तपूर्व ७३२ च्या सुमारास अश्शूरच्या राजाने दिमिष्क घेतले व रसीनास ठार केले. आहाज त्याच्या भेटीस दिमिष्कास गेला, तो तेथील एक वेदी पाहून त्याचे मन तीवर जडले. अरामी राजांना त्यांच्या देवांनी यश दिले, तसे ते आपणासही देतील, असे त्यास वाटले.

केवढी ही भ्रांति! ज्या नगराचा राजा नुकताच मारला गेला, ज्यातील लोक बंदिवान होऊन गेले, तेथील देवांपाशी हा साह्य मागत होता! दुसऱ्याचे वैभव डोळ्यांत भरले म्हणजे त्याचा शेवट दिसत नाही.

आपल्या गावांतही असेच होते. शेजाऱ्याने विहिरीवर बकरे कापले आणि पाणी लागले. आपल्या बंधूस मात्र खडक लागला. मग तो अंधार पडल्यावर नारळ घेऊन निघतो. (पाणी खडकाच्या भेगेतून येते, हे खणणाऱ्यास का ठाऊक नसते?)

परंतु मला अधिक भय वाटते ते उरीया याजकाचे. राजाने वेदीचा नमुना धाडिला, आणि राजा परतण्यापूर्वीच ह्याने ती बांधून तयार ठेविली! तो विरुद्ध एक शब्द बोलल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. पुढे राजाने पितळी वेदी मोडली नाही; ती केवळ उत्तरेच्या बाजूस सारली.

उपदेशक बंधूंनो, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आमच्या मंडळीतील एका सधन गृहस्थाने मुलीच्या लग्नात वाजंत्री लावून चार गावांस जेवण घातले. ते पाहून एका गरीब बंधूने शेत गहाण टाकिले व तसाच मांडव घातला. मी त्या मांडवात प्रार्थना केली, जेवलो, आणि काहीही बोललो नाही. पुढे ते शेत गेले. तो बंधु अजून दर रविवारी उपासनेस येतो व दाराजवळ बसतो. ह्या आठवड्यात मी त्याच्या घरी जाणार आहे.