ओट्याचे अक्षांश-रेखांश

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथाचे यात्रेकरू ज्या ओट्यांवर डोके टेकवतात, ते ओटे एखाद्या मूर्तीसाठी बांधलेले नाहीत. पंथ ज्यांना ईश्वराचा अवतार मानतो, ते श्रीगोविंदप्रभू तिथे बसले, निजले, खेळले. देवाचा त्या जमिनीशी संबंध आला, म्हणून ती नमस्काराला योग्य झाली. पंथाने स्थान, प्रसाद (देवाचा स्पर्श झालेल्या वस्तू), भिक्षुक आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) असे चार वंदनीय मानले, त्यांत पहिला मान जागेचा.

असा ओटा डिजिटल कॅमेऱ्याने टिपायचा आणि फोटोसोबत त्याची जागाही नोंदवायची, तर कोणते जीपीएस उपकरण घ्यावे? प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा, जास्त गंभीर प्रश्न आहे: जागा नोंदवली म्हणजे नेमके काय नोंदवले?

निकॉनचे 2008 सालचे जीपी-1 कॅमेऱ्यावर फ्लॅशच्या जागी बसते. केबल जोडली की प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत अक्षांश, रेखांश, उंची आणि जागतिक वेळ आपोआप उतरते. सोनीचे 2006 सालचे जीपीएस-सीएस1 कॅमेऱ्याला जोडायचेही नसते. ते पिशवीला अडकवायचे; दर 15 सेकंदांनी ते वाट टिपत राहते आणि मग संगणकावर फोटोची वेळ त्या वाटेशी जुळवली जाते. इथे घड्याळ सांभाळावे लागते. कॅमेरा भारतीय वेळेवर, उपग्रह जागतिक वेळेवर. साडेपाच तासांचा फरक सॉफ्टवेअरला सांगायचा राहिला, तर सकाळी नऊचा रिद्धपूरचा फोटो दुपारी अडीचच्या मुक्कामी जाऊन पडतो. कॅननच्या 2012 सालच्या जीपी-ई2 मध्ये या दोन्ही सोयी आहेत, शिवाय होकायंत्रही आहे: कॅमेऱ्यावर बसवले असेल, तर भिंग कोणत्या दिशेला रोखले होते तेही नोंदले जाते.

ही दिशा फार मोलाची. चौदाव्या शतकात महानुभाव ग्रंथकार मुनी व्यासांनी 'स्थानपोथी' रचली, ती दिशांच्याच आधारावर. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी ज्या गावांतून हिंडले, तिथली स्थाने या पोथीत सापडतात: गावाचा दरवाजा कोणीकडे, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून, स्थान त्याच्या कोणत्या अंगाला. पुढे वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. महाराष्ट्राच्या यात्रांचा अभ्यास करणाऱ्या ॲन फेल्डहाउस यांनीही महानुभावांच्या या भूगोलाकडे बारकाईने पाहिले आहे. आणखी एक भेद पंथाने जपला. जिथे दीर्घकाळ राहिले ते अवस्थान, जिथे रात्र काढली ती वसती, जिथे नुसते बसले ते आसन.

उपग्रहाला हा भेद कळत नाही. मोकळ्या आकाशाखालीही साध्या जीपीएसची काही मीटरची चूक होते. एकाच अंगणात चार पावलांवर आसन आणि वसती असतील, तर नकाशावर दोन्हींचा एकच ठिपका होऊ शकतो. दगडी गाभाऱ्यात तर संकेतच नीट पोचत नाही.

मग भक्ताने हे आकडे बाजूला सारावेत का? नाही. पोथीतले वर्णन दरवाजा आणि देऊळ उभे असेपर्यंतच बोलते. वेस पडली, नदीने पात्र बदलले, नवा रस्ता झाला, की 'दरवाजाच्या पूर्वेस' या शब्दांचा आधारच जातो. अक्षांश-रेखांश कोणत्याही वेशीवर अवलंबून नाहीत. उलट, आकडे जमीन दाखवतील, पण तिला नमस्कार का करायचा ते सांगणार नाहीत. स्वामींच्या मागे शिष्यांनी एकेक लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातला प्रसंग, आणि तिचे ठिकाण धरून ठेवले, कारण देव नजरेआड झाल्यावर त्याचा संबंध एवढाच हाती उरला होता. जागेचे पावित्र्य मातीत नाही, या संबंधात आहे, आणि तो माणसांनी सांगितल्यावाचून पुढे जात नाही.

म्हणून स्थानांची यात्रा टिपणाऱ्याने दिशा नोंदवणारे उपकरण पसंत करावे. ते आपल्या कॅमेऱ्याला चालत नसेल, तर वाट टिपणारा साधा लॉगर किंवा मोबाइलमधले ॲपही पुरते; मात्र निघताना मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे वेळेतला फरक नंतर काढता येतो. आणि प्रत्येक फोटोच्या वर्णनात दोन ओळी लिहाव्यात: हे अवस्थान की आसन, आणि इथली लीळा कोणती. गाव सोडण्यापूर्वी त्या ओळी स्थानाची देखभाल करणाऱ्यांना वाचून दाखवा आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.